गायरान राखायचे कसे: नोंद, मोजणी, ठराव आणि चराई

प्रत्येक गावच्या सात-बारा उताऱ्यांत एखादा तरी उतारा असा असतो, ज्यावर कोणा शेतकऱ्याचे नाव नसते. भोगवटादाराच्या रकान्यात शासनाचे नाव आणि इतर हक्कांत ‘गुरचरण’ किंवा ‘गायरान’ एवढीच नोंद असते. नाव कोणाचे नसल्यामुळे तो उतारा काढायला कोणी जात नाही, त्याच्या हद्दी कोणी पाहत नाही आणि त्यावर नवा फेरफार, म्हणजे नोंदीतील बदल, पडला तरी गावाला पत्ता लागत नाही. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे राज्यातील गायरानांवरील अतिक्रमणांचा आकडा शासनाने सुमारे २ लाख २२ हजार असा सांगितला. हे मार्गदर्शन आपले गायरान अजून शाबूत असलेल्या किंवा अर्धेमुर्धे उरलेल्या गावांसाठी आहे: ग्रामसभेचे सदस्य, सरपंच, पशुपालक आणि गावात राहून हे काम अंगावर घेऊ इच्छिणारे तरुण यांच्यासाठी.

अमेरिकेत गुरांची कुरणे बहुधा खासगी मालकीची असतात आणि तेथील पशुपालक आपल्या जमिनीचे प्लॉट पाडण्याचा हक्क एका नोंदणीकृत कराराने कायमचा सोडून देऊ शकतो. तो करार भूसंवर्धन न्यासाच्या किंवा शासकीय संस्थेच्या हाती राहतो आणि पुढे जमीन कोणीही विकत घेतली तरी त्याच्यावरही बंधनकारक ठरतो. कोलोरॅडोतील गोपालकांनी तर १९९५ मध्ये या कामासाठी स्वतःचाच न्यास उभा केला. आपल्याकडे हा मार्ग जसाच्या तसा चालत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मधील सुविधाधिकार एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असतो, एखाद्या संस्थेने माळ राखावा म्हणून तो निर्माण करता येत नाही. आणि मुळात आपले कुरण एकट्याच्या मालकीचे नसते. त्यामुळे जे काम तेथे एका मालकाच्या सहीने होते, ते येथे महसुली नोंद, मोजणीचा नकाशा, ग्रामसभेचा ठराव आणि प्रत्यक्ष चराई या चार गोष्टींनी मिळून करावे लागते. यांपैकी एकही ढिली राहिली तर बाकीच्या तीन फार काळ टिकत नाहीत, असे माझे ठाम मत आहे.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ प्रमाणे कोणाच्याही मालकीची नसलेली जमीन राज्य शासनाची असते. कलम २२ खाली अशा जमिनीतून गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवता येते आणि एकदा ती राखली, की जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर करता येत नाही. म्हणजे मालकी शासनाची, राखण आणि व्यवस्था ग्रामपंचायतीची, आणि उपभोग गावातील गुरांचा. ही तिहेरी रचना नीट लक्षात ठेवावी, कारण ‘जमीन सरकारची, आपण काय करणार’ आणि ‘जमीन ग्रामपंचायतीची, आम्ही ठरावाने कोणालाही देऊ’ ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत आणि गावोगाव दोन्ही ऐकू येतात.

पुढे याच अधिनियमात कलम २२-अ आले. त्यानुसार गायरान इतर कामासाठी वळवण्यास, देण्यास किंवा भाडेपट्ट्याने देण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. अपवाद दोन आहेत: शासकीय किंवा सार्वजनिक प्रकल्पाला दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्धच नसेल तर, आणि इतर प्रकल्पांच्या बाबतीत जमीन अपरिहार्य असेल व प्रकल्पधारकाने बदल्यात गुरांच्या चराईसाठी पर्यायी जमीन शासनाला दिली तर. कलम २३ चराईचा हक्क त्या गावाच्या किंवा ज्या गावांसाठी जमीन राखली आहे त्या गावांच्या गुरांपुरता मर्यादित करते. या तीन कलमांच्या मराठी प्रती ग्रामपंचायतीच्या दप्तरात असाव्यात. बैठकीत त्यांचा उपयोग भाषणापेक्षा अधिक होतो.

पहिले काम: कागद गोळा करणे

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडून गायरानाच्या सर्व गटांचे सात-बारा घ्यावेत. त्यासोबत गाव नमुना एक, म्हणजे आकारबंदाची (गटवार क्षेत्र आणि साऱ्याची) नोंदवही, नमुना एक-ब, म्हणजे सरकारी जमिनींची नोंदवही, आणि नमुना एक-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही, या तिन्हींच्या प्रती मागाव्यात. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्यावा. प्रती मिळण्यात टाळाटाळ झाली तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली साध्या कागदावर अर्ज करावा. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते.

कागद हाती आल्यावर सर्वांत मोलाचे काम म्हणजे क्षेत्राची तुलना. जुन्या आकारबंदातील गायरानाचे क्षेत्र आणि आजच्या सात-बारावरील क्षेत्र शेजारी शेजारी लिहावे. फरक निघाला तर तो कोणत्या फेरफाराने पडला ते शोधावे. सात-बारावर फेरफार क्रमांक असतो आणि फेरफार नोंदवहीत त्यामागचा आदेश, त्याची तारीख व अधिकारी यांचा उल्लेख असतो. शाळा, दवाखाना, गावठाण विस्तार, स्मशानभूमी यांसाठी वैध आदेशाने गेलेली जमीन वेगळी आणि कोणताही आदेश न सापडणारी घट वेगळी. दुसऱ्या प्रकारची घट आढळली, तर तहसीलदारांकडे लेखी हरकत द्यावी. नवा फेरफार पडल्यास त्याची नोटीस चावडीवर लागते आणि हरकत आल्यास ती नोंद तक्रारी नोंद म्हणून चालवावी लागते. प्रमाणित झालेल्या नोंदीविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येते व त्याची मुदत ६० दिवसांची आहे. म्हणून दर महिन्याला चावडीवरचा फलक वाचण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी सोपवावी.

विदर्भातील गावांनी आणखी दोन कागद आवर्जून काढावेत: निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावच्या गुरांनी कोठे चरायचे, जळण कोठून आणायचे, वहिवाट कोणत्या रस्त्याने, हे सर्व त्यांत लिहिलेले असते आणि महसूल अधिनियमाची कलमे १६१ ते १६७ त्या हक्कांना आधार देतात. अनेक गावांत हे कागद बस्त्यात बांधलेले असतात आणि ते आपल्या बाजूचे सर्वांत जुने पुरावे आहेत याची कल्पनाच नसते.

दुसरे काम: मोजणी आणि हद्दीचे दगड

मोजणी न झालेले गायरान दरवर्षी थोडे थोडे आक्रसते. शेजारचा शेतकरी नांगरताना दोन तास, म्हणजे नांगराच्या दोन रेघा, पुढे सरकतो, पुढच्या वर्षी बांध तेथे येतो, आणि दहा वर्षांनी एकराची पट्टी शेतात गेलेली असते. ग्रामपंचायतीने ठराव करून तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करावा, तहसीलदारांना त्याची प्रत द्यावी आणि लगतच्या सर्व खातेदारांना मोजणीची नोटीस पोहोचली आहे याची स्वतः खात्री करावी, कारण नोटीस न मिळालेला एकच खातेदार पुढे सगळ्या मोजणीवर आक्षेप घेऊ शकतो. मोजणीच्या दिवशी गावातील दोन-तीन वयस्कर गुराख्यांना सोबत ठेवावे. जुने दगड, जुनी वाट, ओढ्याचा बदललेला प्रवाह त्यांना ठाऊक असतो.

मोजणीनंतर ‘क’ प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा नकाशा, मिळतो. ती प्रत मिळाल्याच्या आठवड्यातच हद्दीच्या कोनांवर दगड किंवा सिमेंटचे खांब रोवून घ्यावेत. नुसता चुना टाकून समाधान मानू नये. पहिल्या वळवात तो वाहून जातो. हद्दीवर चर खणायचा असेल तर तो उथळ असावा आणि गुरांच्या वाटा मोकळ्या सोडाव्यात. शक्य असल्यास हद्दीच्या आतल्या बाजूने हिवर, बोर, बाभूळ अशा झाडांची एक ओळ लावावी, म्हणजे सरळ रेषेतली झाडे वीस वर्षांनीही हद्द सांगतील.

तिसरे काम: अतिक्रमणांची वर्गवारी

येथे घाई आणि सरसकटपणा दोन्ही टाळावे लागतात, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गायरानाच्या प्रश्नाला महाराष्ट्रात एक सामाजिक इतिहास आहे. १९५९ आणि १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि सरकारी जमीन कसायला मिळावी ही त्यांची मागणी होती. मराठवाड्यात दलित आणि भटक्या कुटुंबांनी माळ फोडून पोटापुरती शेती केली, त्यासाठी मार खाल्ला आणि बहिष्कार सोसले. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशा भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचे धोरण ठरले. ज्यांचे दावे त्या धोरणात बसतात पण कागद अडकले आहेत, त्यांना ‘अतिक्रमणधारक’ म्हणून हाकलण्याची मोहीम गायरान-रक्षणाच्या नावाने चालवणे अन्यायाचे आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील बेकायदा कब्जे हटवण्यासाठी सर्व राज्यांना योजना आखण्याचे आदेश दिले. तो खटला पटियाला जिल्ह्यातील एका गावतळ्याचा होता. त्याच निकालात न्यायालयाने अपवादही सांगितले: भूमिहीन मजूर किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना शासकीय अधिसूचनेने दिलेले पट्टे, आणि जेथे आधीच शाळा, दवाखाना किंवा अन्य सार्वजनिक सोय उभी आहे अशा जागा. या निकालापाठोपाठ महाराष्ट्र शासनाने १२ जुलै २०११ चा शासन निर्णय काढला. अनेक जण निकालाचा पहिला अर्धा भाग वाचून दाखवतात. दुसराही तितकाच वाचला पाहिजे.

म्हणून अतिक्रमणांची यादी चार रकान्यांत करावी. पहिल्या रकान्यात १९९० पूर्वीपासून कसणारी भूमिहीन कुटुंबे, ज्यांचे पुरावे जमवून त्यांचे दावे मार्गी लावण्यास ग्रामसभेने उलट मदत करावी. दुसऱ्यात राहण्याला अन्य जागा नसलेल्यांची घरे, ज्यांचा प्रश्न पुनर्वसनाशिवाय सुटत नाही. तिसऱ्यात शेजारच्या खातेदारांनी सरकवलेले बांध, जे मोजणीच्या नकाशाने बहुधा समजुतीने मागे घेतले जातात. आणि चौथ्यात दुकानगाळे, वीटभट्ट्या, मुरूम उपसा, तारेचे कुंपण घालून अडवलेली मोठी क्षेत्रे, म्हणजे ज्यांना गरज नसून फक्त संधी मिळाली अशांचे कब्जे. तक्रारीची सुरुवात चौथ्या रकान्यापासून करावी. बलवानांना सोडून दुबळ्यांवर पहिली कारवाई झाली, की गावाचा या कामावरचा विश्वास उडतो आणि तो परत येत नाही.

कारवाईसाठी ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५३ आणि महसूल अधिनियमाचे कलम ५० हे दोन मार्ग आहेत. पहिला ग्रामपंचायतीचा, दुसरा जिल्हाधिकाऱ्यांचा. अतिक्रमण करणारा ग्रामपंचायतीचाच सदस्य असेल तर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे तो पदासाठी अपात्र ठरतो, आणि २०१८ च्या जनाबाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबीयांच्या अतिक्रमणाचा लाभ घेत तेथे राहणाऱ्या सदस्यालाही ही अपात्रता लागू केली. नमुना एक-ई मधील नोंदींबाबत एक सावधगिरी बाळगावी: ही नोंद अतिक्रमण सिद्ध करते तशीच पुढे नियमानुकूल करण्याच्या मागणीसाठी पुरावा म्हणूनही वापरली जाते, म्हणून खोट्या किंवा मागील तारखेच्या नोंदी होत नाहीत ना हे दरवर्षी तपासावे.

चौथे काम: ग्रामसभेचा ठराव

ठराव मोघम असला तर त्याला कोणी मोजत नाही. ‘गायरानाचे रक्षण करण्यात यावे’ असे वाक्य दप्तरात शेकडो सापडतील. ठरावात गट क्रमांक, मोजणीप्रमाणे क्षेत्र, चतुःसीमा आणि मोजणीच्या नकाशाचा दिनांक आला पाहिजे. मजकूर पुढीलप्रमाणे ठेवता येईल: ‘मौजे अमुक येथील गट क्रमांक अमुक, क्षेत्र अमुक हेक्टर, ही जमीन महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २२ अन्वये गावच्या गुरांच्या मोफत चराईसाठी राखीव असून, सदर जमिनीवर गावातील इतकी गुरे व इतक्या शेळ्या-मेंढ्या प्रत्यक्ष अवलंबून आहेत. सदर जमिनीचा वापर बदलण्याचा, ती भाडेपट्ट्याने देण्याचा किंवा तिच्यातून मुरूम, माती वा दगड काढण्याचा कोणताही प्रस्ताव ग्रामसभेपुढे संपूर्ण कागदपत्रांसह ठेवून चर्चा झाल्याशिवाय ग्रामपंचायतीने त्यास नाहरकत देऊ नये, असे ही ग्रामसभा ठरवत आहे.’

यातील गुरांची संख्या हा या ठरावाचा कणा आहे. ‘जमीन वापराविना पडून आहे’ या एका वाक्यावर गायराने जातात. त्याला उत्तर म्हणून ताजी, घरोघर केलेली गुरांची मोजदाद आणि चराईचे दिनांकित फोटो लागतात. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असलेल्या संख्येची आहे. ती झाल्याची सही-अंगठ्यांची नोंद ठरावासोबत जोडावी, कारण गणपूर्तीवरून ठराव पाडता येतो. महिलांची उपस्थिती केवळ संख्येसाठी महत्त्वाची नाही. घरातील शेळ्या आणि चारा यांचा हिशेब बहुतेक घरांत त्यांच्याकडे असतो आणि गायरान गेले तर पहिला फटका कोणाला बसेल हे त्याच नेमके सांगतात. ठरावाच्या प्रती तहसीलदार, प्रांताधिकारी, गटविकास अधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना पोहोच घेऊन द्याव्यात.

जमीन वनखात्याची असेल तर

काही गावांत लोक ज्याला गायरान म्हणतात ती जमीन कागदावर संरक्षित वन किंवा विदर्भात झुडपी जंगल असते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमीन म्हणूनच गणल्या जातील असे स्पष्ट केले. अशा ठिकाणी मार्ग वनहक्क अधिनियम, २००६ चा आहे. त्याच्या कलम ३ मध्ये चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट शब्दांत आला आहे, तसेच सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्कही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाला असा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला. दावा ग्रामसभेने नेमलेल्या वनहक्क समितीमार्फत तयार होतो आणि उपविभागीय समितीकडून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. आदिवासी नसलेल्या कुटुंबांना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. निस्तार पत्रक आणि वडीलधाऱ्यांची निवेदने येथे पुन्हा उपयोगी पडतात.

पाचवे काम: गवत आणि चराईची शिस्त

कागद कितीही भक्कम असला तरी उघडाबोडका, दगड वर आलेला माळ पाहून अधिकाऱ्याला तो ‘पडीक’च वाटणार. म्हणून गवत परत आणणे हा जमीन वाचवण्याचाच भाग आहे. गायरानाचे तीन किंवा चार भाग करावेत आणि पावसाळ्याच्या सुरुवातीपासून गवताचे बी पडेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंत, एक भाग पूर्ण बंद ठेवावा. पुढील वर्षी दुसरा. बंद भागातले गवत बी पडल्यावर विळ्याने कापून न्यावे. हिवरे बाजारने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळल्यावर तेथे गवत कसे वाढले हे सर्वांना ठाऊक आहे, पण तेथील शिस्त सगळ्या गावाने मान्य केली होती. नुसता फलक लावून बंदी पाळली जात नाही. शेळ्या-मेंढ्यांवर ज्यांचे पोट आहे त्यांना बंद काळात कोठे चारायचे याची सोय आधी करावी, मग बंदी घालावी.

बियाणे आणायचेच असेल तर मारवेल, पवना, डोंगरी ही आपल्या माळांची गवते निवडावीत आणि बी जवळच्या चांगल्या माळावरून गोळा करावे. घाणेरी, गाजर गवत आणि वेडी बाभूळ मुळासकट काढावी, फुलोऱ्याच्या आधी. सरसकट वृक्षलागवडीचे उद्दिष्ट गायरानावर आणू देऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो. कमी पावसाच्या पट्ट्यातला माळ हा तुटलेले जंगल नसतो. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक पक्षी यांना मोकळे गवतच लागते आणि मेंढीलाही तेच. विरळ बोरी-बाभळी पुरेशा आहेत. उथळ मातीवर खोल सलग चर खणले तर आहे ती माती उलटून पडते आणि गवत आणखी मागे जाते.

धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारे तळ, ज्या गावांतून जातात तेथे कलम २३ चा आधार घेऊन त्यांना हुसकावण्याची भाषा होते. कायद्याने चराईचा हक्क गावच्या गुरांचा आहे हे खरे. पण मेंढ्या शेतात बसवून मिळणारे खत गावच घेते, आणि हे येणे-जाणे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. किती मेंढ्या, कोणत्या महिन्यात, किती दिवस आणि कोणत्या पाणवठ्यावर, हे वाड्याच्या कारभाऱ्याशी बसून ठरवावे आणि लिहून ठेवावे. गायरानावर माणसांचा वावर जितका जास्त, तितके रात्रीत उभे राहणारे कुंपण लवकर लक्षात येते.

प्रकल्पाची मागणी आली तर

सौर प्रकल्प, औद्योगिक क्षेत्र, गोदाम, रस्त्यासाठी मुरूम, अशा मागण्या सपाट, मोठ्या आणि एकाच मालकाच्या जमिनीकडे येतात. भूसंपादनाचा खर्च वाचतो. मागणी आली की विरोधाची घोषणा करण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात: नेमके किती क्षेत्र आणि कोणता गट, दुसरी योग्य सरकारी जमीन उपलब्ध नाही याचा कोणी, केव्हा शोध घेतला, प्रकल्प कलम २२-अ च्या कोणत्या अपवादात बसतो, आणि पर्यायी चराईची जमीन कोठे दिली जाणार आहे. उत्तरे आल्यावर ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावीत. पर्यायी जमीन दाखवली असेल तर गुराख्यांना घेऊन ती पायी पाहून यावी. पाणी किती लांब आहे आणि वाटेत कोणाचे शेत आडवे येते, हे नकाशावर दिसत नाही. कधी कधी सार्वजनिक गरज खरी असते, आणि तेव्हा संपूर्ण गटाऐवजी कडेचा भाग देऊन मधले कुरण आणि पाणवठ्याची वाट सलग राखण्याचा प्रस्ताव गावानेच पुढे ठेवावा.

वर्षाचे वेळापत्रक असे ठेवता येईल: २६ जानेवारीच्या ग्रामसभेत गायरानाचा सात-बारा आणि एक-ई नोंदवही वाचून दाखवणे, मे महिन्यात, नांगरट सुरू होण्याआधी, हद्दीच्या दगडांची फेरी मारून प्रत्येक दगडाचा फोटो काढणे, जूनमध्ये बंद ठेवायच्या भागाची दवंडी, १५ ऑगस्टच्या सभेत गुरांची मोजदाद मंजूर करून घेणे, आणि दिवाळीनंतर कापलेल्या गवताच्या पेंढ्या मोजून त्यांचा आकडा ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत, गट क्रमांकासह, सरपंचांच्या सहीने लिहिणे.